टेबलावर वायर नको

आमच्या ह्यांना सगळी गल्ली ‘फुंकर’ म्हणते. लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे आमचं, आणि कुठलंही मशीन समोर आलं की हे आधी ते खोलून हवेच्या पाइपने धूळ उडवणार. स्क्रीनला तडा गेलेला असो नाहीतर पासवर्ड विसरलेला असो, पहिली फुंकर ठरलेली. बावीस वर्षं मी त्या दुकानात बसतेय आणि शिंकतेय.

माणूस सरळ, पण हेकट. मशीन चांगलं असेल तर उगाच काहीतरी खोट काढून ठेवून घ्यायचं नाही, हा एक नियम. आणि दुरुस्तीसाठी कुणाच्या घरी जायचं नाही, हा दुसरा. म्हणे, घरी गेलं की आधी चहा होतो आणि मग त्यांची इस्त्री, मिक्सर, दाराची बेल सगळं बघावं लागतं. खोटं नाही ते, पण म्हणून काय नियमच करायचा?

एके दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या ताई लॅपटॉप काखेत धरून आल्या. साठी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, “भाऊ, गेम अडकतो हो. वळण आलं की गाडी धक्के खात जाते आणि भिंतीवर आदळते.”

हे हसले नाहीत, मीही नाही. ताई दर रविवारी दुपारी दूर राहणाऱ्या थोरल्या भावाशी शर्यतीचा गेम खेळतात. तो त्याच्या घरी, ताई आपल्या घरी, फोन स्पीकरवर आणि भांडण लहानपणचंच. दोन वर्षं ताईच जिंकत होत्या. गेले दोन महिने एकदाही नाही.

फुंकर झाली. पंख्यातून रंगीबेरंगी धाग्यांचे बोळे निघाले. “ताई, ह्यात एक उशी भरेल,” हे म्हणाले. चिप थंड ठेवणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली, स्क्रीनवरचं चित्र चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं घातलं, मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम बंद केले. मग गेम लावून बघत बसले. सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा आकडा कोपऱ्यात येतो. तो साठाच्या खाली येईना. ताई खुशीत घेऊन गेल्या.

सोमवारी पुन्हा दारात. “तसंच होतंय हो.”

ह्यांनी पुन्हा चार दिवस मशीन चालवलं. तापमान बघितलं, मेमरी तपासली. आकडा साठच. शनिवारी ताई न्यायला आल्या तेव्हा ह्यांनी सांगून टाकलं, “ताई, मशीन ठणठणीत आहे. दोष ह्यात नाही.”

ताईंनी लॅपटॉप काखेत घेतला. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या हातातच आहे.” माझ्याकडे बघून हळूच बोलल्या, “आईचं असंच सुरू झालं होतं, वहिनी. आधी सुईत दोरा जाईना, मग कप हातात राहीना. म्हणून दोन महिने मी कात्री धरलेली नाही. लोकांचं कापड, एकदा चुकलं की गेलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं निळं कापड दोन महिन्यांपासून त्यांच्याकडे पडून होतं आणि मी चार ठिकाणी बोलून बसले होते, ताई हल्ली भाव खातात म्हणून.

त्या गेल्यावर मी ह्यांना धरलं. “अहो, काय बोललात कळलं का?”

“खरं तेच बोललो.”

“अर्धंच खरं. मशीन तुमच्या टेबलावर चालतं. त्यांच्या टेबलावर बघितलंत?”

“मी कुणाच्या घरी—”

“उद्या दुपारी मी दुकानाला कुलूप लावणार आहे. आत बसायचं की बाहेर यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

रविवारी आले मुकाट्याने. ताईंच्या समोरच्या खोलीत मोठ्या खिडकीशी कापड कापायचं लांब टेबल. हे भिंतीला टेकून उभे राहिले. “रोज करता तसंच करा, ताई. मी इथे नाहीच असं समजा.”

ताई स्वयंपाकघरात गेल्या. तिथे लॅपटॉप चार्जिंगला होता. त्यांनी चार्जर काढला, वायर नीट गुंडाळून डब्यात ठेवली आणि लॅपटॉप टेबलावर आणला. गेम सुरू झाला. ह्यांनी एक बटण दाबून कोपऱ्यातला आकडा आणला. अठरा!

“चार्जर का काढलात?”

“ह्या टेबलावर वायर नको, भाऊ. शिकत होते तेव्हा इस्त्रीची वायर कापडाखाली होती, मला दिसली नाही. कात्री चालवली, ही ठिणगी उडाली. चाळीस वर्षं झाली, इथे वायर येत नाही.”

“आणि दोन महिन्यांपूर्वी कुठे खेळत होता?”

“आत, ओट्यापाशी. चार्जर लावूनच. पण तिथे उजेड कमी, डोळे दुखायचे.”

ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “गाढव आहे मी! बॅटरीवर मशीन हात आखडता घेतं, ताई. जोर लावतच नाही. आणि मी दुकानात पहिल्या मिनिटाला चार्जर लावून मोकळा होतो. तुमच्या हाताला काही झालेलं नाही हो, मीच चुकलो.”

चार्जर आणला. वायर टेबलाला लागू नये म्हणून हे ती हातात उंच धरून उभे राहिले. आकडा साठ. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, मग एक नागमोडी उतार आला, तोही ताईंनी अलगद काढला. मग त्यांनी हात उचलून डोळ्यांसमोर धरला. मीही वाकून बघितलं. साठीचा हात, शिरा वर आलेल्या. हलत नव्हता.

“भाऊ, चार्जर काढा,” ताई म्हणाल्या.

“अहो ताई, आत्ताच तर समजावलं—”

“समजलं मला. टेबल मोकळं हवंय.”

लॅपटॉप खुर्चीवर गेला. ताईंनी कपाटातून माझं निळं कापड काढलं, पसरलं, तळव्याने सुरकुत्या सारल्या, खडूची रेघ मारली. मग खणातून मोठी कात्री काढली.

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी कोपरानेच स्पीकर लावला. पलीकडून थोरल्या भावाचा आवाज, “अगं, कुठे आहेस? आज हरायच्या भीतीने पळालीस की काय?”

कात्री रेघेवरून सरळ निघाली होती. ताईंनी मान वर केली नाही.

“थांब रे दादा,” त्या म्हणाल्या. “हात रिकामे नाहीत माझे.”