आखाजीची घागर

अनुभव लिहायचा तो साधना केलेल्यांनी. मी रोज देवासमोर हातही जोडत नाही, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे लिहायचीही सवय नाही. तरी धाडस करतो आहे. थोरांनी सांभाळून घ्यावं.

तेव्हा मी धुळ्यात शिकत होतो. गाव साक्रीच्या पलीकडं. आबा, म्हणजे माझे वडील, ऊस तोडायला गुजरातेत गेले होते. होळीला परतताना वाटेतल्या कुठल्याशा स्टेशनवर पाणी भरायला उतरले आणि गाडी सुटली. टोळीतले सगळे घरी आले, आबा आले नाहीत. माझे काका, नाना, त्या वाटेवरची स्टेशनं आणि दवाखाने धुंडाळून रिकामे परतले. चैत्र सरत आला तेव्हा त्यांनी निरोप धाडला, ‘आखाजीला बापाच्या नावाची घागर भर. पेपर बुडवू नको, तिथंच भर.’ आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची नवी घागर पुजतात. ती भरली, की माणूस गेला हे घरानं मान्य केलं.

धुळ्यात मला मित्र नव्हते. माझी बोली ऐकून मुलं हसत, म्हणून मी कमी बोलायचो, आणि रात्री रिकाम्या खोलीची भीती वाटायची. रविवारी एकटाच जुन्या गल्ल्यांतल्या दगडी पाणपोया बघत हिंडायचो. व्यापाऱ्यांनी आपल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीत बांधलेल्या. एकीच्या कमानीवर मोर, एकीचा नळ सिंहाच्या जबड्यात, एकीवर छोटा घुमट, आणि खाली संगमरवरावर मेलेल्याचं नाव. त्या शहरात ओळखीचं असं मला तेवढंच होतं.

आखाजीला पेपर नव्हता; मुलं सणाला घरी गेल्यानं वसतिगृह ओस पडलं होतं आणि नळ कोरडा. नवी घागर घेऊन मी पाणपोयांकडं निघालो. मोराच्या पाणपोईला कुलूप होतं. सिंहाच्या तोंडात कुणी चिंध्या कोंबल्या होत्या. घुमटाखाली सायकलवाल्यानं दुकान मांडलं होतं. ऊन डोक्यावर आलं. देवा, घागर भरू द्यायची नाही का, असं मी मनात म्हटलं, पण ते रागानं म्हटलं, भक्तीनं नाही.

दाणाबाजारामागं गोमुखाची पाणपोई आहे. त्या गोमुखातून करंगळीएवढी धार चालू होती. पाणी पाजणारी म्हातारी आक्का फुटक्या माठाची खापरं गोळा करत होती. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, “कोना नावनी घागर?”

“बापना.”

“कवय गया? कोनता दिन?”

“माहीत नही. सापडस नही.”

“मढं देखं का कोनी?”

“नही.”

“मंग दे इकडे. मना माठ सकायमा फुटी गया, नि लोकेसना घसा सुकी ऱ्हायना.”

मी काही म्हणायच्या आत तिनं घागर धारेखाली लावली, भरली, फुटक्या माठाच्या जागी ठेवली आणि तांब्या माझ्या हातात दिला. दुपारभर मी पाणी पाजलं. एक हमाल म्हणाला, “आक्का, नवा नोकर ठेवा का?”

“कॉलेजवाला शे,” आक्का म्हणाली. “पाजापेक्षा जास्ती सांडस.”

खरंच, निम्मं पाणी माझ्या पायावर सांडत होतं. मग एक म्हातारा आला, वाकून त्यानं ओंजळ धरली. भेगाळलेली, उसाच्या पात्यांनी चिरलेली. धार सोडताना वाटलं, आबांच्या ओंजळीतही कुणी असंच ओतत असेल, किंवा नसेलही. ते माझ्या हाती नव्हतं. न्यायचं तर ने, ठेवायचं तर ठेव, एवढंच मी मनात म्हटलं. बाकी काही मागितलं नाही. त्या ओंजळीबाहेर थेंबही सांडला नाही.

घागर तिथंच ठेवून मी परतलो. खोली तशीच रिकामी होती, पण त्या दिवसापासून मला तिची भीती वाटली नाही. हे कुणाच्या कृपेनं झालं, मला सांगता येत नाही. जे आपल्याला ठाऊक नाही त्याचा निकाल आपण लावू नये आणि हातात तांब्या आहे तोवर पाणी पाजत राहावं, एवढं मला त्या आक्कानं न शिकवता दिलं. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर फाटकापाशी नाना उभे होते. डोक्यावर टोपी नव्हती, ती आमच्याकडं सुतकात उतरवतात, म्हणून माझे पाय थबकले. घाईत ती गावीच राहिली होती. आबा घरी आले होते. कुठं होते, कसे आले, हे सांगायचं सोडून नानांनी माझा खांदा धरला. एवढंच बोलले,

“ओटावर बठना, नि पह्यले पानी मांगं.”