युनूस आणि पिंजणाची तात

युनूस पिंजारी गेला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावत होते. धुळ्याच्या दवाखान्यातून झुबेदाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. "अक्का, ते गेले," ती म्हणाली. मी हातातलं पुस्तक कपाटात ठेवलं, शिपायाला किल्ली दिली आणि जळगावच्या बसस्टँडवर गेले. धुळ्याची बस लागलेली होती.

बस निघाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी समोरच्या सीटच्या दांडीवर बोटाच्या पेराने टकटक करते आहे. ही सवय माझी नव्हे, युनूसची. तो कुठलीही वस्तू आधी वाजवून बघायचा. तेलाचा डबा, टरबूज, दुसऱ्याच्या घराचं दार, चहाचा कप. "थांबा, वाजवून बघू" हे त्याचं पालुपद होतं. एकदा बँकेत साहेबाच्या टेबलावर त्याने अशी टकटक केली आणि साहेब "या, आत या" म्हणाले, तेव्हा तो समोरच बसलेला होता.

आमची ओळख गादीमुळे झाली. माझी गादी बसली होती, म्हणून मी ती रिक्षात घालून जळगावातल्याच त्याच्या दुकानात नेली. त्याने ती उलगडली, तळव्याने ठिकठिकाणी थोपटली आणि कान तिरपा करून म्हणाला, "या बाजूला तुम्ही झोपता. त्या बाजूला कोण? माणूस नाही वाटत."

"पुस्तकं असतात," मी म्हटलं.

"तरीच! अक्का, माणूस कूस तरी बदलतो. पुस्तकं एका जागी रुतून बसतात."

पिंजायचं यंत्र दुकानाच्या तोंडाशी होतं. मागच्या भिंतीवर त्याच्या वडिलांचं जुनं पिंजण टांगलेलं होतं. पुरुषभर उंचीचं, धनुष्यासारखं लाकूड, त्याला ताणून बांधलेली आतड्याची एकच जाड तार. तिला तात म्हणतात. पूर्वी कापसात ती तात धरून तिच्यावर लाकडी ठोकळा मारायचे आणि तिच्या थरथरीने कापूस मोकळा व्हायचा. यंत्र आलं तेव्हापासून पिंजण भिंतीवर गेलं. त्याच्या शेजारच्या खिळ्यावर एक गिटार होती. दोन्हींवर सारखीच रुई बसलेली होती.

गिटार तो लग्नाच्या बँडमध्ये शिकला. पुढे फोनवर कधीतरी त्याच्या कानावर ब्लूज पडलं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, आणि बँडवरून त्याचं मन उडालं. तासन्‌तास ऐकून तो त्या म्हाताऱ्या गायकांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायचा. शब्द कळायचे नाहीत. मला त्याचं कुतूहल वाटलं. मी ग्रंथालयात शोधलं आणि त्याला वाचून दाखवलं, की हे गाणारे बरेचसे कापसाच्या शेतात राबणारे होते. त्यांच्यातली काही मुलं भिंतीला एकच तार ठोकून तिच्यावर बाटली सरकवत वाजवायला शिकली.

युनूस यंत्र बंद करून ऐकत होता. "म्हणजे आपलेच धंदेवाले की, अक्का!" तो म्हणाला. मग त्याने मागे वळून भिंतीवरच्या पिंजणाकडे पाहिलं.

त्या गाण्यात पहिली ओळ दोनदा म्हणतात आणि मग तिसरी वेगळी येते. असं का, हे मला पुस्तकात सापडलं नाही. युनूसला विचारलं तर तो म्हणाला, "पहिल्यांदा लोकांना सांगायचं. दुसऱ्यांदा आपण स्वतः ऐकायचं, आपण काय बोललो ते. मग उत्तर सुचतं." मी ग्रंथपाल आहे. इतकं थोडक्यात उत्तर मला पुस्तकात क्वचितच सापडतं.

धुळ्याला एका कार्यक्रमात त्याने ती इंग्रजी गाणी म्हटली. मी त्याच्या आईसोबत, हमीदाखालांसोबत, तिसऱ्या रांगेत होते. दुसऱ्या गाण्याला मागून कोणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, त्या इंग्रज साहेबले खाली बसाड, तू वर ये!" लोक हसले. युनूसही हसला. परत येताना गाडीत, पारोळा मागे पडल्यावर, खाला म्हणाल्या, "तो पोऱ्या काय खोटं बोलना? तू कोना आवाजमा गाई राहिना? तुना आवाज कोठे शे?" खाला साक्रीकडच्या. घरात हिंदी चाले, पण रागावल्या की त्या अहिराणीत येत.

"शोधतो ना, अम्मी," युनूस म्हणाला.

त्यानंतर तो स्वतःची गाणी करू लागला. पहिली दोन-तीन वाईट होती. त्यांत पाऊस, आठवण, डोळे असलं सगळं होतं. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "वाजवून बघितलं, अक्का. पोकळ नाही, पण भरलेलंही नाही." मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाइकाची गादी शिवता शिवता त्याने हे म्हटलं:

आंगवर रुई, डोकावर रुई,
आंगवर रुई, डोकावर रुई,
बठ्ठं गाव माले वळखे नही.

गिऱ्हाईक हसलं. मीही हसले. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र हसू आलं नाही. कापसाने पांढरा झालेला माणूस आपल्याच गल्लीतून चालला आहे आणि बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, गावातलं कोणी त्याला हाक मारत नाही. त्या दिवसापासून त्याने एकच गोष्ट मनात धरली, अशा गाण्यांचा एक अल्बम करायचा, आपल्या आवाजात. त्याचं नावही ठरवून टाकलं, 'पिंजण'.

ध्वनिमुद्रणाला बाहेरचा आवाज येऊ नये, एवढं त्याला कळलं होतं. आता पिंजाऱ्याला आवाज अडवायला काय सुचणार? त्याने दुकानातल्या सगळ्या गाद्या भिंतींना लावल्या, छताला रजया ठोकल्या, दाराला लोड टेकवले. मध्ये गिटार घेऊन बसला. मुद्रण करून ऐकलं तर आवाज मेलेला. त्याला वाटलं, कापूस कमी पडला. शेजारच्या दुकानातून आणखी गाद्या आणल्या. आवाज आणखी मेला. घामाघूम होऊन तो बाहेर आला तेव्हा उंबऱ्यावर बसलेल्या खाला म्हणाल्या, "बठ्ठा आवाज कापूस खाई गया, आन तू त्याले आखो वाढी राहिना!"

शेवटी असोद्याच्या एका मित्राची केळी पिकवायची खोली त्याला मिळाली. उन्हाळ्यात ती रिकामी असायची. युनूसने आत जाऊन भिंतीवर टकटक केली, थांबला, पुन्हा केली. "ही बोलते," तो म्हणाला. तिथे अजूनही केळ्यांचा गोड वास होता. प्रत्येक स्वर थोडा वेळ खोलीत राहून मग जायचा.

तीन गाणी झाली आणि खोकला वाढला. आधीही होताच. रुईत काम करणाऱ्याला खोकला असायचाच, असं घरात सगळे धरून चालत. त्याचे वडीलही खोकायचे. धुळ्याच्या डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो पाहून दुकान बंद करायला सांगितलं. दुकान झुबेदाने त्याच आठवड्यात बंद केलं, आणि स्वतः शिवणकाम घेतलं. पण श्वास परत आला नाही. जी ओळ तो एका दमात म्हणायचा ती अर्ध्यात तुटू लागली.

"राहू दे आता," झुबेदा म्हणाली. "गाणं काय, नंतरही होईल."

"नंतर कशाने गाऊ?" त्याने विचारलं. रागाने नाही. खरोखर विचारल्यासारखं.

पुढच्या रविवारी आम्ही असोद्याला गेलो. त्याने पहिली ओळ म्हटली. तीच ओळ दुसऱ्यांदा म्हणायला दम उरला नाही. तो थांबला, आणि यंत्राच्या जुन्या नळीचा तुकडा बोटात घालून त्याने ती ओळ तारेवर सरकवत वाजवली. शब्द नव्हते, पण 'रुई' मला स्वच्छ ऐकू आलं. तो स्वतःच चमकला. "अक्का, मी सांगितलं होतं ना, दुसऱ्यांदा आपण ऐकायचं असतं?" तो म्हणाला. "मग मी गात काय बसलो होतो इतके दिवस!"

आधीची तिन्ही गाणी त्याने पुसून टाकली आणि सगळी पुन्हा अशीच केली. पहिली ओळ त्याची, दुसरी गिटारची. मी आज ती लागोपाठ ऐकते तेव्हा शोधत राहते, की नक्कल नेमकी कुठे संपली. मला ती जागा सापडत नाही. एवढं कळतं, की पुढच्या गाण्यांत तो कमी गातो आणि जास्त तोच असतो.

शेवटच्या गाण्यासाठी त्याला पिंजण हवं होतं. ते टेम्पोत घालून असोद्याला नेलं. त्याला उचलवेना, म्हणून त्याने माझ्याकडे ठोकळा दिला. मी दोन-चार ठोके मारले. सोबत आलेल्या खालांना ते सहन झालं नाही. त्यांनी ठोकळा माझ्या हातातून काढून घेतला.

"त्याना बाप असा नही वाजाडे. आधी हळू. तात थरथरनी का मंग जोरमा."

त्या खाली बसल्या, पिंजण खांद्याशी घेतलं आणि वाजवू लागल्या. धुंग, धुंग, त-धुंग. नवऱ्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं ऐकलेला तो ठेका होता. युनूस ओळ म्हणायचा विसरला. खाला न थांबता म्हणाल्या, "गाय ना रे! मना हात दुखी राहिना!" हे वाक्यही त्या गाण्यात आहे. त्याने काढू दिलं नाही.

अल्बम पूर्ण झाला तेव्हा तो दवाखान्यात होता. झुबेदाने फोन त्याच्या उशाशी ठेवला. सगळी गाणी ऐकून झाल्यावर त्याने पलंगाच्या लोखंडी कठड्यावर दोनदा टकटक केली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "भरलंय, अक्का." त्यानंतर आमचं बोलणं झालं ते झुबेदाच्या शिवणाबद्दल आणि बसच्या वेळांबद्दल.

आता दुकान बंद आहे. पिंजण खालांच्या खोलीत आहे आणि त्याची तात त्यांनी सैल करू दिलेली नाही. गाणी ज्याला हवी त्याला फोनवर ऐकता येतात. त्याने भरून दिलेली माझी गादी अजून बसलेली नाही.