काकांनी पाहिलेलं बंदर

तलवाड्यात मुंबई पाहिलेला एकच माणूस होता, माझे काका. चावडीपुढे बसले की ते माझगावच्या टेकडीवरची गल्ली सांगत. एका अंगाला बंगले, दुसऱ्या अंगाला उतार, खाली बंदर आणि त्यात दावणीला बांधल्यासारखी जहाजं. आमच्या मोगलाईतल्या त्या गावात गोदावरीपेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे सारे निमूट ऐकत.

"मलाबी दावा की ती गल्ली," असं काकू दर वर्षी म्हणे. कधी सुगी आडवी येई, कधी प्लेग, कधी काकांचा गुडघा. पुढे मला मुंबईत एका कापडाच्या पेढीवर नोकरी लागली आणि काकांच्या सबबी संपल्या. मी सुट्टीवर आलो तेव्हा काकू स्वतःच गाठोडं बांधून गाडीत बसली. जालन्याला आगगाडीत चढल्यावर काका जे गप्प झाले, ते थेट मुंबईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना टेकडीवर नेलं. चढ संपला, वळण आलं, आणि काका जागीच थांबले. समोर बंगल्यांची रांग होती आणि खाली जहाजांनी भरलेलं बंदर.

"आरं तिच्या! खरंच हाय की!" ते ओरडले.

काकूने पदर सावरला. "खरंच हाय म्हंजे? तुमी तर पाह्यलं व्हतं ना?"

काका कठड्यावर टेकले. मग हळूच म्हणाले, "जालन्याच्या टेसनावर एक खलाशी भेटला व्हता. त्यानं सांगितलं. मी जालन्याच्या म्होरं कधी गेलतोच न्हाई."

"मंग इतकी वर्सं का म्हून सांगत व्हता?"

"लोक लई मन लावून ऐकायचे गं."

आता भर रस्त्यात भांडण होणार, असं मला वाटलं. पण काकू हसत सुटली, इतकी की एका बंगल्याचा माळी फाटकाशी येऊन उभा राहिला. मग ती काकांच्या शेजारी बसली आणि ऊन चढेपर्यंत दोघं बंदर पाहत राहिली.

गावी परतल्यावर काकूने बायकांना खरं ते सांगितलं. पाणी गढूळ, वर कोळशाचा धूर, मासळीचा वास, आणि आमचे मालक याआधी तिथं कधी गेलेच नव्हते. कुणाचाही विश्वास बसला नाही. "तुला काय कळतंय? त्यांनी समदं बैजवार सांगितलंय," असं शेजारणी तिलाच सुनावत.

काकांना मात्र आता काही सांगताच येईना. कुणी फारच आग्रह केला, तर "लई मोठं हाय," एवढं म्हणून ते ज्वारीचं विचारू लागत.