म्हशीच्या गळ्याखालचा हात

दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात सुपडूची म्हैस बदनाम होती. पारडू मेल्यापासून ती कुणाला सडाला हात लावू देत नसे. सुपडूची बायको द्रौपदाबाई जवळ बसली, की मात्र मुकाट पान्हा सोडी.

द्रौपदाबाईला मूल नव्हतं; घरात तिला जागा होती ती म्हशीच्या धारेपुरती. सासू झुंबरबाई चारचौघींत म्हणे, "म्हैस इनाच हाते दूध देस, म्हनीसन ठेयेल शे. नही ते वांझोटीनं आठे काय काम?"

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर सुपडूने दुसरी केली. बेबाबाई. तिला दिवस राहिले, आणि झुंबरबाईने द्रौपदाबाईला फर्मावलं, "तिले धार काढानं शिकाड."

याचा अर्थ गल्लीतल्या पोरींनाही कळला. शेजारीण द्रौपदाबाईच्या कानाशी कुजबुजली, "उलटं शिकाड. बसू दे एक लाथ."

द्रौपदाबाईने काहीच शिकवलं नाही. मग बेबाबाई आपणच गेली, मागून जाऊन तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारली. बादली उडाली. सुपडूने काठी घेतली आणि म्हशीच्या नाकाडावर घातली, पुन्हा घातली. द्रौपदाबाई मधे पडली तेव्हा एक तिच्या मनगटावर बसली.

दुसऱ्या दिवशी तिने बेबाबाईला गोठ्यात नेलं.

"मांगून येऊ नको. पहिले हाक मार. हात पुढे धर, तिले वास लेऊ दे. तिनी तोंड फिराई लिधं ते थांब. कपाळवर नको, गळाखाले खाजाड. हळू."

बेबाबाई हसली. "अक्का, म्हैसना एवढा मान? माले ते कोनी असं इचारीसन हात लायेल नही."

द्रौपदाबाई सरकीची ढेप कालवत राहिली.

जनावर माणसाला कपड्याच्या वासाने ओळखतं, म्हणून हात बदलायचा तर जुन्या हाताचं लुगडं नेसवतात. द्रौपदाबाईने अंगावरचं, न धुतलेलं लुगडं सोडून सवतीला नेसवलं. म्हशीने वास घेतला, डोळे मिटले. धार बादलीत वाजू लागली.

झुंबरबाईने येऊन फेस पाहिला आणि अंगणाकडे तोंड करून ओरडली, "सुपडू, शिकनी रे ती! हिले दुपारनी माहेरनी गाडीवर बसाडी दे."

द्रौपदाबाईचं बोचकं बांधायला वेळ लागला नाही. निघताना ती गोठ्याकडे वळली तशी सासू आडवी आली.

"हात लाऊ नको. परत तुनीच सवय लागी तिले."

म्हशीने द्रौपदाबाईला पाहिलं. दावं ताणून मान पुढे केली, गळा वर उचलला आणि तशीच उभी राहिली.

द्रौपदाबाईने दोन्ही हात पाठीमागे धरले.

"चाल, गाडी चुकी जाई," सुपडू म्हणाला.