मेजावरचं पांढरं कापड

आधीच सांगून टाकते — या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर खारी खावी तसे वाचत आले. करमणूक म्हणून. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसली, कुणाच्या घरात आपोआप दिवे लागले... वाचायचं, हसायचं, पान उलटायचं. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. पुण्यात जन्मलेल्या माणसाला याहून सोयीची नोकरी नाही. आमच्या धंद्यात एक नियम असतो: जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ते घडलं असं म्हणायचं नाही. आज मी तोच नियम मोडून लिहितेय, त्यामुळे काय म्हणायचं ते म्हणा.

आम्ही खडकीचे. मराठी ख्रिस्ती. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला — "अय्या, पण तुमचं मराठी किती छान!" तर हो, छान आहे, माझी आई मराठीच शिकवायची. प्राथमिक शाळेत. सगळी खडकी तिला 'बाई' म्हणायची, चर्चमधले आमचे पाळकसाहेबसुद्धा. वडील दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, ते निवृत्त झाले आणि लवकरच गेले. मग आई आणि मी, दोघीच.

गोष्ट आहे सन दोन हजारचा तो संगणकांचा वायटूकेचा गोंधळ ओसरल्यानंतरच्या वर्षांतली. कर्वेनगरात एका बंगल्यात थाटलेल्या छोट्या कंपनीत मी कामाला होते. हप्त्यावर स्कूटी घेतली होती. मोबाइल होता, पण इनकमिंगला पैसे पडायचे म्हणून आई त्याला हातही लावायची नाही.

आमचं चर्च रेल्वे लाइनच्या जवळ. जुनं, दगडी, वर कौलं, आत शहाबादी फरशी, अंगणात चिंच. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — भाकरीचा छोटा तुकडा आणि छोट्या पेल्यात द्राक्षरस. येशूने ज्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्या रात्रीच्या शेवटच्या जेवणाची ही आठवण. पुढे मेज असतं, त्यावर पांढरं कापड. लोक ओळीओळीने पुढे जातात, गुडघे टेकतात, घेतात आणि परत जागेवर येतात. या सगळ्याची तयारी आई करायची. काळी द्राक्षं उकळून रस करणं, शनिवारी दुपारी जाऊन पेले गरम पाण्याने धुणं, आणि ते कापड...

कापडाचं सांगितलंच पाहिजे. ते आमच्या घरी वेगळ्या बादलीत धुतलं जायचं. वेगळ्या दोरीवर वाळायचं. इस्त्री करताना आई बोलायची नाही. मग स्वच्छ टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून ती चर्चला न्यायची. लहानपणी एकदा मी त्यावर हात ठेवला होता, नुसता हात, तर तिने ते पुन्हा धुतलं होतं.

आणि इतकं करून ती स्वतः मात्र प्रभुभोजन घ्यायची नाही! आमची ओळ उठली की आई गुडघे बाजूला वळवून सगळ्यांना वाट करून द्यायची आणि मान खाली घालून बसून राहायची. मला आठवतं तेव्हापासून हेच.

कारण मला मोठेपणी आत्याकडून कळलं. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. त्या सुमारास आईचं तिच्या जावेशी वाजलं होतं, बोलणं बंद होतं. आमच्यात शिकवतात, मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी ती मिटवा, मग मेजाजवळ या. आई अढी ठेवून तशीच मेजाजवळ गेली. त्याच आठवड्यात बाळ तापाने गेलं. कुणी तिला काही बोललं नाही. तिनेच हिशेब मांडला आणि स्वतःलाच शिक्षा सुनावली. पुढे जावेशी समेट झाला, मी झाले, पण आई मेजाजवळ गेली नाही ती नाहीच.

मला राग यायचा. आईचा नाही, तिच्या देवाचा. एका बाईला इतकी वर्षं मान खाली घालून बसवणारा हा कोण? मी सरळ म्हणायचे, "तुझा देव म्हणजे शाळा तपासणारा साहेब आहे, आई." ती कानांवर हात ठेवायची. "असं बोलू नये गं. त्याचं भय असावं माणसाला." मग मी ऑफिसचं काम काढून रविवारी चर्च चुकवायला लागले.

तर त्या मार्चमध्ये आईच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. सोमवारी दाखल व्हायचं होतं. डॉक्टरांनी धोका किती आहे ते स्पष्ट सांगितलं होतं. पाय सुजून मडक्यासारखे झाले होते, चार पावलं चालली की धाप लागायची. आणि आदला रविवार नेमका पहिला रविवार होता.

दोन दिवस ती जेवली नाही. मला वाटलं, ऑपरेशनची धास्ती. शेवटी म्हणाली, "सुलू, न घेता गेले तर त्याला तोंड कसं दाखवू? आणि घेतलं... आणि तुला काही झालं तर?"

म्हणजे इतकी वर्षं ती माझ्यासाठी बसून राहत होती! मी एवढंच म्हटलं, "पेले धुवायला मी येते तुझ्याबरोबर."

शनिवारी दुपारी स्कूटीवर मागे बसवून तिला चर्चला नेलं. मांडीवर कापडाची पिशवी. ऊन रणरणतं होतं, चिंचेखाली कुत्रंसुद्धा नव्हतं. पाळकसाहेब सहकुटुंब लग्नाला दौंडला गेले होते, चर्चची किल्ली आईकडेच असायची. आत गेलो, बाजूच्या खोलीतला नळ सोडला — नुसती फुसफुस. त्या आठवड्यात पाइपलाइनचं काम चालू होतं, हे आम्ही दोघीही विसरलो होतो. खोलीतली बादली पालथी, आत कोळ्याचं जाळं.

"तू इथे बस," मी म्हटलं. "मी घरून कॅन भरून आणते. उठू नकोस, काही उचलू नकोस."

"बसते गं बाई," आई म्हणाली आणि पहिल्या बाकावर टेकली. चपला तिने दाराबाहेरच काढल्या होत्या. येताना अंगणातून चालल्याने पाय धुळीने माखले होते. मी दार ओढून घेतलं आणि निघाले.

घरी जाऊन, पिंपातलं पाणी दोन कॅनमध्ये भरून, पायाशी ठेवून परत आले. स्कूटी बंद केली.

आणि सगळंच बंद झालं.

कसं सांगू... वीज जाते, पंखा थांबतो, आणि इतका वेळ तो आवाज करत होता हे तेव्हा कळतं, तसं. कावळे नाहीत, रस्ता नाही, लाइनवरून काही जात नाही. चिंचेची पानं हलताना दिसत होती, पण सळसळ नव्हती. ऊन तेच होतं, पण टोचत नव्हतं. मी कॅन घेऊन दाराशी आले. दार उघडं होतं.

आतून पाण्याचा आवाज येत होता.

हळूहळू ओतल्याचा. आपण लहान मुलाला अंघोळ घालताना डोळ्यांत जाऊ नये म्हणून तांब्या जपून ओततो ना, तसा. थांबायचा, पुन्हा यायचा. मी आत पाहिलं. आई पाठमोरी, पहिल्या बाकावर, मान खाली. तिच्यापुढे काय आहे ते बाकामुळे दिसत नव्हतं. पण वर पाहिलं तर कौलांच्या आतल्या लाकडांवर कवडसे हलत होते. भांड्यातल्या पाण्यावर ऊन पडलं की छतावर नाचतात ते कवडसे. पाण्याचा आवाज आला की ते हलायचे, थांबला की संथ व्हायचे.

आई म्हणत होती, "नको... नको ना..." आणि मग हसली. माझ्या आईचं तसलं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. परकर-पोलक्यातल्या मुलीचं हसू होतं ते.

मला आत जाता येईना.

इथे नीट लिहिते, कारण याच्यासाठीच लिहायला बसलेय. मी घाबरले नव्हते. भीती मला ठाऊक आहे. स्कूटीमागे कुत्री लागतात तेव्हा, हॉस्पिटलात डॉक्टर फाइल बघत गप्प बसतो तेव्हा. भीतीत अंग मागे सरतं. इथे माझं अंग पुढे ओढ घेत होतं आणि तरीही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची माझी छाती होत नव्हती. आत जे चाललं होतं ते फार मोठं होतं, फार हळुवार होतं, आणि माझ्या एका पावलाने त्यात आवाज झाला असता. अंगावर शहारे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुणी हाकललं असतं तरी मी तिथून हलले नसते. कॅन कधी खाली ठेवले, माहीत नाही. सँडल कधी काढल्या तेही माहीत नाही. दगडी उंबरा तळपायांना गार लागला तेव्हा कळलं की मी अनवाणी उभी आहे.

किती वेळ गेला ते विचारू नका. मग कवडसे विझले. लांबून लोकलचा भोंगा आला, कावळा ओरडला, ऊन पुन्हा टोचायला लागलं. मी आत गेले.

आई बसलेली होती तशीच होती. पण पाय ओले, स्वच्छ. भेगांमधली माती निघालेली. फरशीवर पाण्याचं लहानसं थारोळं. आणि तिच्या पायांखाली, जमिनीवर, चुरगळलेलं, भिजलेलं — ते मेजावरचं कापड.

"आई! पाणी कुठून आणलंस?"

"मी कुठली आणतेय? बस म्हणालीस, बसलेय."

"आणि हे कापड?"

"मी म्हटलं त्याला, अरे हे नको घेऊस, हे तुझ्या मेजाचं आहे. ऐकलंच नाही. त्यानेच पुसले."

"कोणी?"

तिने ओल्या पायांवरून हात फिरवला. "वर बघायचं धाडस नाही झालं गं. हात दिसले फक्त."

"घाबरलीस?"

"छे." तिने मान हलवली. "घाबरून काढलीत की इतकी वर्षं. ते निराळं असतं. मला आपलं वाटत होतं, माझे पाय अजून मोठे असते तर बरं झालं असतं... अजून थोडा वेळ लागला असता."

मी टेस्टर. मी सगळं तपासलं. नळ — फुसफुस. बादली — पालथी, जाळं शाबूत. कपाटातली भांडी कोरडी ठणठणीत. अंगणात शिरायला एकच फाटक, तिथे धुळीत माझ्या स्कूटीचेच टायर उमटलेले. मी पुन्हा आत आले तोवर फरशीवरचं थारोळं सुकून गेलं होतं. आई मात्र शांतपणे कापडाची घडी घालत होती.

रविवारी तिने तेच कापड मेजावर अंथरलं. न धुता. मधोमध मातीचा पुसटसा डाग, टाचेएवढा. पाळकसाहेब सकाळीच दौंडहून परतले होते. ते बघतच राहिले. "बाई, कापड...?"

"असू द्या, पाळकसाहेब," आई म्हणाली. "वापरलंय ते."

आमची ओळ उठली. मी सवयीने गुडघे वळवले, आईशेजारी बसून राहायच्या तयारीत. आणि आई उठली. माझ्यापुढून, सुजल्या पायांनी, बाकाला धरत धरत गेली. गुडघे टेकायला शेजारच्या दोन बायकांनी आधार दिला. मला वाटलं होतं, पेला धरताना हात कापतील. नाही कापले. परत येताना माझ्या गालाला हात लावून गेली. जणू सांगत होती, काही होत नाही तुला.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे बरीच वर्षं जगली. प्रत्येक पहिल्या रविवारी उठून गेली. नवं कापड शिवलं, ते मात्र घरच्या बाकीच्या कपड्यांबरोबर धुवायची. जुनं तिने कपाटात ठेवून दिलं.

ती गेली तेव्हा चर्चच्या मंडळातल्या काकूंनी रीतीप्रमाणे पांढरी साडी नेसवली आणि पायांत घालायला पांढरे मोजे काढले. मी म्हटलं, मोजे नकोत. कपाटातून ते कापड आणलं आणि डाग आतल्या बाजूला येईल असं तिच्या पायांना गुंडाळलं.

ते पाणी कुठून आलं, मला आजही माहीत नाही. ते हात कुणाचे, हे आईला माहीत होतं. मला छतावरचे कवडसे तेवढे दिसले. मी फार श्रद्धाळू झालेय असंही नाही, रविवार अजूनही चुकतात. पण चर्चच्या उंबऱ्याशी आले की सँडल काढते. भीतीने नाही.

आमच्यात कुणाच्या पाया पडत नाहीत. मेलेल्या माणसाच्या तर नाहीच. पेटीवर झाकण ठेवण्याआधी मी वाकले आणि त्या कापडावर, आईच्या पावलांवर, डोकं टेकवलं. पाळकसाहेब बघत होते. झाकण ठेवायला आलेल्यांना त्यांनी हातानेच थांबवलं आणि माझं होईपर्यंत उभे राहिले.