परतीच्या तारेवरचं बटण

अकरा वर्षं ही गोष्ट मी पोटात ठेवली. बायकोलासुद्धा कळू दिली नाही. आता तुम्हाला सांगून राहिलो — थांबत थांबत सांगीन, चालेल न?

महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब पेटायचा. धूर असा कोंडायचा की दादाची बायको, माझी वहिनी, डोळे पुसतच बाहेर यायची. उन्हाळा सरला तसा मी कुलरचा एक्झॉस्ट पंखा काढून न्हाणीच्या झरोक्यात बसवला. वायरमन कशाला? मी होतो न, मोठा शहाणा! अर्थिंगची तार जोडलीच नाही — पंखा तर दोन तारांवरही फिरतो. सगळ्यांनी वाहवा केली, मीही फुगलो.

दिवाळीच्या साफसफाईत वहिनी ओल्या फडक्यानं पंख्याची काजळी पुसायला गेली आणि झटका बसून भिंतीवर आदळली. हात मोडला. शुद्धीवर आल्यावर एकच म्हणाली, बटण बंद केलं होतं.

मी बोर्ड उघडला. आणि — कसं सांगू? बटण करंटच्या तारेवर लावायचं सोडून मी परतीच्या, म्हणजे न्यूट्रलच्या, तारेवर लावलं होतं. बंद केलं की पंखा थांबे, करंट मात्र आत तसाच. वरून तारेचा एक जोड उघडा पडून पंख्याच्या पत्र्याला टेकला होता. दार लावून मी सगळं नीट केलं, अर्थिंगही जोडलं. बाहेर येऊन म्हणालो, बटण चालूच होतं.

भित्रा होतो, दुसरं काय? दादा तिला वेंधळी म्हणाला, मग पोरंही म्हणू लागली. मी हसलोसुद्धा. तेव्हापासून ती साधा दिवा मालवला तरी कोणाला तरी विचारते, बंद झाला न?

परवा मलाच विचारलं. मला सहन झालं नाही, सगळं सांगून टाकलं. ती मग म्हणाली, "मले पक्कं माहीत होतं, भाऊजी. पण तुमचं आयकून मी माह्यावरचाच भरोसा सोडला. आता हे सगळ्यायसमोर सांगा."

जेवायला बसल्यावर सांगितलं. दादानं हातातला घास खाली ठेवला. बायको माझ्याकडे बघतच राहिली. माफी मी मागितली नाही — कोणत्या तोंडानं मागणार?

वहिनी मात्र पोळ्या वाढता वाढता दादाला म्हणाली, "आयकलं न? आता दिवाळीले न्हाणी तुम्ही पुसा." पोरं हसली, तीही हसली. तिचं इतकं मोकळं हसणं मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं.