बोडिलच्या हातचा धागा

डेन्मार्कमधल्या आमच्या ऑर्हूसच्या प्रयोगशाळेत चूक करणाऱ्यानं शुक्रवारी केक आणायचा, असा रिवाज. आमची तंत्रज्ञ बोडिल, तिनं एकतीस वर्षांत एकदाही आणला नव्हता. डुकरं पाळणाऱ्या घरातली बाई, जटलंडच्या पार पश्चिम टोकाची. बोलणं तिनं तिकडचंच ठेवलं. हात असा चोख, की तिच्या नळीतला आरएनए नासला असं कधी झालं नाही. एरवी आरएनएला उघडं बोट लागलं, की कातडीवरचं विकर त्याचा भुगा करतं.

त्या साली नवा संशोधक आस्गर आरएनएची पेटी बांधायला निघाला. एकाच धाग्याची, सहा बाजूंची, विषाणूपेक्षा लहान. आराखडा त्याचा, बनवणार बोडिल. तीनदा बनवली. पेटी जमली की तपासणीच्या जेलवर एक नीट रेघ यायची, तिथं नुसता फराटा.

"धागा नासतोय," आस्गर सगळ्यांदेखत म्हणाला. "बोडिल, शुक्रवारचा केक तुझा."

"कशापायी? डोस्कं तुजं, हात माजा. आदी कोन चुकलं त्ये बगू."

तिनं त्याच नळ्या, तेच पाणी घेऊन पेटी पुन्हा बनवली. शेजारी आमची जुनी, हमखास जमणारी आरएनएची चपटी फरशीही. हात घाण असता तर दोन्ही नासल्या असत्या. फरशीची रेघ सुरीनं ओढल्यासारखी आली. पेटीचा पुन्हा फराटा.

मग बोडिलनं पिशवीतली विणकामाची लोकर काढली.

"धागा अक्का तयार हून मंग दुमडत न्हाई, गड्या. निगंल तसा दुमडतो. धर हितं. ह्यो फासा त्या फाशाला चिकाटला, कडी बंद. आता ऱ्हायलेली शेपटी हिच्यातनं ववायची. वव की."

आस्गरनं दोनदा करून पाहिलं; शेपटीचं टोक अजून गुंड्यातच, बंद कडीतून ती जाईना. संगणकाच्या पडद्यावर त्यानं तयार पेटीच पाहिली होती, विणली जाताना नाही.

"मग सुरुवात दुसऱ्या कोपऱ्यातून केली तर?"

"आत्ता कसं. कडी शेवटाला पडू दे."

तीन आठवड्यांनी नव्या आराखड्याची रेघ लख्ख उमटली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेट्याच पेट्या.

शुक्रवारी आस्गरनं स्वतः भाजलेला, वर खोबऱ्याचा थर दिलेला केक आणला. बोडिलनं हातमोजे काढून तुकडा मोडला.

"मदी कच्चा हाय," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला.